तीन बाय चारचा फळा

तांबट गल्लीच्या तोंडाशी, पानवाल्याच्या खोपटाला टेकून
एक फळा आहे, तीन बाय चारचा.
माथ्यावर ऑइलपेंटने: आजची वार्ता.
त्यातला ज कधीच उडून गेला,
आम्ही रोज 'आची वार्ता' वाचतो
आणि कुणाला काही खटकत नाही.

चाळीस वर्षं तो कचरूकाकांनी लिहिला.
सकाळी सहाला, ओल्या फडक्याने कालचा दिवस पुसून,
हातोडीने घट्टे पडलेल्या बोटांत खडू धरून.
नियम दोनच:
ऐकीव लिहायचं नाही.
विशेषण लावायचं नाही.
"भीषण पूर कशाला? मारुतीच्या छातीला पाणी, एवढं लिही.
नाशिककराला पुढचं कळतं."

बुधवारच्या बाजारात गंगेवर कवळी सापडली, वरची.
तीन दिवस पानवाल्याकडे काचेच्या ग्लासात हसत होती,
चौथ्या दिवशी गेली. कोण घेऊन गेलं
ते कुणी पाहिलं नाही, म्हणून फळ्यावर आलं नाही.
'रहाड उद्या उघडेल. चपला घरी ठेवून या.'
'खुजेमाभाईंची तस्नीम सीए झाली. पेढे संपले आहेत.'

पाणीपुरवठा ते पहिल्या वेलांटीने लिहीत. कायम.
गायधनी बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, वर्गातून नाही.
भाजीला जाताना थांबत,
बोट जिभेला लावून ती वेलांटी पुसत,
पर्समधल्या खडूने दुसरी काढत, आणि
मेथी महाग झाल्यासारखं तोंड करून पुढे जात.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली.
वीस वर्षं हे भांडण चाललं,
दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

मग काकांचा हात थरथरायला लागला.
समोरच्या मेडिकलमध्ये मी हिशेब लिहिते,
माझं अक्षर त्यांना त्यातल्या त्यात चाललं.
ते पायरीवर बसून सांगायचे, मी लिहायची.
वेलांटीसुद्धा सांगायचे.

परवा रात्री साडेअकराला ते गेले.

सकाळी फडकं पिळलं. फळ्यावर जागा थोडी,
दोन बातम्या त्यांनीच सांगून ठेवलेल्या:
वर, जलवाहिनीचं काम, संध्याकाळी पाणीपुरवठा बंद.
खाली, पितळी किल्ली सापडली, ओळख सांगून न्यावी.
मधे मी लिहिलं:
आपले कचरू रंभाजी तांबट, वय ७८, निधन.
अंत्ययात्रा दहा वाजता.

पुन्हा वाचलं.
'आपले' पुसलं. व्याकरणात तेही विशेषणच.
पण फडकं तोवर वाळलं होतं,
काळ्यावर एक पांढुरका डाग राहिला,
शब्दाएवढा.

पाणीपुरवठा मात्र मी त्यांच्याच वेलांटीने लिहिला होता.

गायधनी बाई आल्या. पिशवी खाली ठेवली.
बोट जिभेला लावलं, हात वर नेला,
आणि मधली ओळ वाचली.
हात बराच वेळ तिथेच होता.
मग ओलं बोट पदराला पुसून त्यांनी विचारलं,
"दहालाच ना?"
मी हो म्हटलं.
त्या दिवशी त्यांनी भाजी घेतली नाही.

आणि पाणी आलं.
साडेपाचला, गल्लीतल्या सगळ्या नळांना, चांगलं फोर्सने.
अमरधामहून परतलेली माणसं अंघोळी करून
ओल्या केसांनी ओट्यावर बसली होती.
बायका हंडे भरत होत्या,
त्यातले निम्मे काकांनी ठोकलेले.
फळा चाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटा ठरला.
कुणी तक्रार केली नाही.

किल्ली अजून पानवाल्याकडे आहे.
आज पुन्हा लिहायची आहे.